दोन्ही घरचा

ॲसिटोनला स्वतःचं नाव टिकवता येत नाही. प्रयोगशाळेतल्या प्लास्टिकच्या वॉश बॉटलवर मार्करने कितीही ठळक नाव लिहा, काही दिवसांत अक्षरं फिकी होतात, मग ओघळतात आणि शेवटी नुसता निळसर डाग उरतो. बाटलीच्या नळीतून थेंब गळतो, बाहेरच्या अंगाने खाली उतरतो आणि जाताजाता आपलंच नाव पुसतो. शेजारी पाण्याची बाटली असते, तिच्यावरचं नाव वर्षभर शाबूत. त्यामुळे जिच्यावर काहीच वाचता येत नाही ती बाटली ॲसिटोनची, असं लॅबमधली जुनी माणसं धरून चालतात. धरून चालू नये, पण चालतात.

थेंब गळण्यालाही कारण आहे. हा गृहस्थ ५६ अंश सेल्सिअसलाच उकळतो, आणि साध्या खोलीतही त्याची वाफ व्हायची घाई एवढी असते की बंद बाटलीत तो स्वतःच दाब तयार करतो. बाटली नुसती हातात धरली, तळव्याची ऊब लागली, की न दाबताच नळीतून धार येते. दिसायला पाण्यासारखा स्वच्छ, पण पाण्यापेक्षा हलका. लिटरभराचं वजन ८०० ग्रॅमही भरत नाही. ओतताना तो पाण्याहून चपळ वाहतो. वास गोडसर आणि नाकाला जरा टोचणारा. हातावर पडला तर क्षणभर गार वाटतं आणि मागे कातडी पांढरट, कोरडी होते, कारण जाताना तो कातडीवरचं तेल सुटं करून ठेवतो. फ्रीजरमध्ये ठेवला तरी त्याच्या वाफा ठिणगीने पेट घेऊ शकतात. त्या हवेपेक्षा जड असल्यामुळे टेबलावरून सरपटत पलीकडच्या बर्नरपर्यंत पोचतात. म्हणजे वागायला सौम्य, पण बेसावध राहू देणारा नाही.

त्याची घडण साधी आहे. तीन कार्बन एका ओळीत. मधल्या कार्बनवर दुहेरी बंधाने बसलेला एक ऑक्सिजन आणि दोन्ही बाजूंना एकेक मिथिल गट. ऑक्सिजन हा इलेक्ट्रॉनचा हावरा. सामायिक इलेक्ट्रॉन तो आपल्याकडे ओढतो, त्यामुळे त्याच्या टोकाला थोडा ऋण भार येतो आणि मधला कार्बन थोडा धन होतो. रेणूला अशी दोन टोकं असणं म्हणजेच ध्रुवीयता. दोन्ही बाजूंचे मिथिल गट मात्र तेला-मेणाच्या कुळातले, त्यांना भारांच्या या ओढाताणीत रस नाही. एवढ्याशा रेणूत दोन स्वभाव असे शेजारी शेजारी नांदतात.

ध्रुवीयता मोजायला रसायनशास्त्रज्ञांकडे एक माप आहे, डिबाय नावाचं. पाण्याच्या एका सुट्या रेणूला या मापाने सुमारे १.८५ मिळतात, ॲसिटोनला २.९ च्या आसपास. म्हणजे रेणूला रेणू लावून पाहिला तर ॲसिटोन पाण्याहून जास्त ध्रुवीय ठरतो. वर्गात हे सांगितलं की मुलं पुस्तकात चूक शोधायला लागतात, आणि त्यांचा संशय रास्तच आहे. कारण मीठ पाण्यात झटकन विरघळतं आणि ॲसिटोनमध्ये टाकलं तर तळाशी जसंच्या तसं पडून राहतं.

इथे दुसरं माप कामाला येतं. दोन विरुद्ध भारांमधली ओढ एखादा द्रव किती कमी करू शकतो, हे डायइलेक्ट्रिक स्थिरांक सांगतो. हेक्झेन या अध्रुवीय द्रवात ती जेमतेम निम्मी होते, ॲसिटोनमध्ये साधारण एकविसावा हिस्सा उरते, तर पाण्यात जवळपास अठ्ठ्याहत्तरावा. पाण्याचा हा पराक्रम एकेकट्या रेणूचा नाही, जमावाचा आहे. पाण्याचा प्रत्येक रेणू आपला हायड्रोजन शेजाऱ्याच्या ऑक्सिजनला टेकवतो आणि शेजाऱ्याचा हायड्रोजन आपल्या ऑक्सिजनला टेकू देतो. सगळे एकमेकांना धरून असल्यामुळे एक वळला की दुसराही वळतो. ॲसिटोनचा ऑक्सिजन दुसऱ्याचा हायड्रोजन आनंदाने स्वीकारतो, पण त्याच्याकडे देण्याजोगा हायड्रोजन नाही. त्याचे सहाही हायड्रोजन कार्बनला चिकटलेले असतात, आणि कार्बनवरच्या हायड्रोजनला अशा देवाणघेवाणीत सहसा कोणी विचारत नाही.

घेतो, देत नाही. ॲसिटोनच्या बहुतेक सवयी इथून सुरू होतात. माणसाबद्दल असं बोललो असतो तर ती तक्रार ठरली असती.

पाणी आणि हेक्झेन एका शीशीत ओतून कितीही हलवा, ठेवलं की दोन थर पडतात. सारखं सारख्यात विरघळतं, हा शाळेतला नियम त्यांनी मनावर घेतलेला असतो. ॲसिटोन पाण्यात टाका, कोणत्याही प्रमाणात मिसळतो. हेक्झेनमध्ये टाका, तिथेही तसाच. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. हा दोन्ही घरी पोटभर जेवतो, आणि यजमान आवरायला लागायच्या आत निघालेलाही असतो. या निघून जाण्याचं मोल काचसामान धुणाऱ्याला विचारा. धुतलेला फ्लास्क आतून ओला आहे, पुढच्या प्रयोगाला तो कोरडा हवा आहे आणि ओव्हनपाशी रांग लागली आहे. अशा वेळी थोडा ॲसिटोन आत फिरवून ओतून टाकतात. काचेला चिकटलेलं पाणी त्याच्यासोबत बाहेर पडतं आणि मागे राहिलेला ॲसिटोन मिनिटा-दोन मिनिटांत उडून जातो. हेच काम मिथेनॉलही करतो. तो पाण्याशी जास्तच सलगी करतो, पण ६५ अंशांपर्यंत रेंगाळतो, आणि विषारी आहे. डीएमएसओ या द्रावकाला सांगाल तर तो पाण्यातही मिसळेल आणि अनेक हट्टी पदार्थही विरघळवेल, मात्र १८९ अंशांना उकळणारा तो पाहुणा एकदा आला की मुक्कामच ठोकतो. संशोधन करणाऱ्या मुलांच्या आयुष्यातला बराच वेळ डीएमएसओला घराबाहेर काढण्यात जातो.

ॲसिटोनची पाण्याशी असलेली ही मैत्री बेशर्त मात्र नाही. दोघांच्या एकजीव झालेल्या मिश्रणात पोटॅशियम कार्बोनेटची पूड टाकत राहा. थोड्या वेळाने द्रव गढूळतो आणि मग दोन थर होतात: खाली क्षाराने जड झालेलं पाणी, वर ॲसिटोन. कार्बोनेटच्या आयनांना पाणी हवं असतं आणि पाणीही त्यांच्याकडेच वळतं, कारण तिथे भार पूर्ण आहे, ॲसिटोनकडे अर्धामुर्धा. पाण्याचा हायड्रोजन स्वीकारत इतका वेळ रमलेला हा गडी एका झटक्यात बाजूला पडतो. विद्यार्थ्यांना ध्रुवीयता समजावायची तर आकड्यांच्या तक्त्यापेक्षा ही एक परीक्षानळी मला अधिक भरवशाची वाटते.

मिठाकडे परत येऊ. साधं मीठ म्हणजे सोडियम क्लोराईड ॲसिटोनमध्ये विरघळत नाही म्हटलं तरी चालेल. सोडियम आयोडाईड मात्र त्याच ॲसिटोनमध्ये मुबलक विरघळतं. दोन्हींत सोडियम एकच, भार तेवढाच, मग फरक कुठे? सोडियमला ॲसिटोन सांभाळू शकतो, कारण त्याचा ऋण ऑक्सिजन धन सोडियमभोवती उभा राहतो. अडचण ऋण आयनाची असते. क्लोराईड लहान, त्याचा भार थोड्या जागेत एकवटलेला असतो, आणि सुटं राहायचं तर त्याला हायड्रोजन देणारा कोणीतरी हवा असतो. ॲसिटोनकडे नेमकं तेच नाही. आयोडाईड मोठं, भार ऐसपैस पसरलेला, त्याला अशा आधाराची फार गरज नसते, आणि त्याचे स्फटिक फोडायलाही कमी ऊर्जा लागते. एका संख्येने ध्रुवीयता सांगणारे तक्ते इथे मुके होतात. हान्स फिंकेलस्टाइन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१० मध्ये या आवडीनिवडीचाच उपयोग करून घेतला. सेंद्रिय क्लोराईड किंवा ब्रोमाईड ॲसिटोनमध्ये सोडियम आयोडाईडबरोबर तापवायचं. आयोडीन आत जातं आणि बाहेर पडलेलं क्लोराईड सोडियमला धरून मिठाच्या रूपात तळाशी बसतं. तळाशी बसलं म्हणजे खेळातून बाद, परत उलटी अभिक्रिया करायला ते मोकळं नाही. द्रावक कोणाला सामावून घेतो याइतकंच कोणाला नाकारतो हेही कामाचं असतं, ते असं.

द्रावकांचा क्रम लावायची माणसाची हौस जुनी आहे. लॅबच्या भिंतीवर तक्ता असतोच: तळाशी हेक्झेन, मग टोल्यून, ईथर, क्लोरोफॉर्म, एथिल ॲसिटेट, मध्यावर कुठेतरी ॲसिटोन, वर इथेनॉल, मिथेनॉल आणि टोकाला पाणी. तक्ता उपयोगी आहे, खोटा नाही. पण तो शिडी दाखवतो, आणि शिडीवर प्रत्येकाला एकच पायरी असते. त्याहून मला जर्मनीतल्या मारबुर्ग विद्यापीठातल्या ख्रिश्चन रायखार्ट यांचा रंग आवडतो. द्रावक बदलला की रंग बदलणारा हा पदार्थ. मिथेनॉलमध्ये लाल, इथेनॉलमध्ये जांभळा, आयसोअमिल अल्कोहोलमध्ये निळा, ॲनिसोलमध्ये पिवळा. ॲसिटोनमध्ये हिरवा. भोवतालच्या द्रवाने त्याच्या रेणूतल्या भारांना किती आधार दिला त्याप्रमाणे तो प्रकाशाची वेगळी लहर शोषतो. हा रंग ज्या शोधनिबंधात आला त्या १९६३ च्या निबंधात तपासलेल्या रंगांपैकी याचा क्रमांक ३० होता, म्हणून त्याच्यावर आधारलेल्या ध्रुवीयतेच्या मापाच्या नावात आजही ३० चा आकडा चिकटलेला आहे. हेक्झेनला त्यात ३१, पाण्याला ६३, ॲसिटोनला ४२. इथेनॉल ५२ च्या आसपास, म्हणजे ॲसिटोनहून बराच पुढे, जरी सुट्या रेणूच्या मापात ॲसिटोनच वरचढ असला तरी. हायड्रोजन न देण्याची किंमत त्याला इथेही मोजावी लागते.

हिरव्या रंगाचा विषय निघालाच आहे तर वनस्पतिशास्त्र विभागाकडे वळू. कोणत्याही महाविद्यालयात पानातलं हरितद्रव्य मोजायचं असेल तर डॅनियल आर्नन यांची १९४९ ची पद्धत निघते: पान खलात घ्या, ८० टक्के ॲसिटोन घालून घोटा, गाळा, आणि ६४५ व ६६३ नॅनोमीटरला प्रकाश किती अडला ते पाहा. घोटून घोटून शेवटी चोथा पांढरा पडतो आणि सगळा हिरवेपणा द्रवात उतरतो. हरितद्रव्याचा रेणूही दोन स्वभावांचा. मॅग्नेशियम धरून बसलेलं डोकं ध्रुवीय, मागे फायटॉलची लांब तेलकट शेपटी. शिवाय ते ओल्या पानात प्रथिनांना बिलगून असतं. नुसतं हेक्झेन ओल्या चोथ्यात शिरायलाच तयार नसतं. नुसत्या पाण्याला शेपटी नको असते. पाणी मिसळलेला ॲसिटोन ओल्या पानात शिरतो, प्रथिनांची पकड सैल करतो आणि डोकं-शेपटी दोन्हींसकट रेणू उचलून आणतो.

पुढची गंमत कागदावर. त्या हिरव्या अर्काचा ठिपका क्रोमॅटोग्राफीच्या कागदावर द्यायचा आणि कागदाचं टोक पेट्रोलियम ईथर व ॲसिटोन यांच्या ९ : १ मिश्रणात बुडवायचं. केशरी कॅरोटीन, ज्याच्या अंगी ध्रुवीय असं काहीच नाही, ते द्रवाबरोबर थेट वर पळतं. त्यामागे पिवळं झँथोफिल, मग निळसर हिरवं क्लोरोफिल ए आणि सगळ्यात मागे पिवळसर हिरवं क्लोरोफिल बी. ए आणि बी यांच्यात फरक फक्त एवढा की ए मध्ये जिथे मिथिल गट आहे तिथे बी मध्ये ऑक्सिजन असलेला आल्डिहाइड गट आहे. त्या एका ऑक्सिजनमुळे बी कागदाच्या ओलसर सेल्युलोजला अधिक चिकटून राहतं आणि मागे पडतं. मिश्रणात ॲसिटोनचा हिस्सा जरा वाढवून पाहा. सगळेच वर धावतात आणि पट्टे एकमेकांत शिरतात. थोडा ॲसिटोन माणसं वेगळी ओळखू देतो, जास्त झाला की गर्दी करतो. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मिश्रण 'अंदाजाने' करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

आता त्याचा एक हट्ट सांगतो, कारण त्यावरून माझं त्याच्याबद्दलचं मत पक्कं झालं. सोयाबीनमधून तेल काढण्याचं काम हेक्झेन करतं. लातूरकडच्या सॉल्व्हंट प्लांटवाल्यांना ते नव्याने सांगायला नको. कच्च्या तेलातून वेगळा होणारा चिकट लगदा म्हणजे लेसिथिन. बिस्किट, चॉकलेट यांच्या वेष्टणावर ज्याचं नाव असतं ते. लेसिथिन स्वतः नावाजलेला मध्यस्थ. त्याचं एक टोक भारांकित आणि दोन शेपट्या तेलाच्या, त्यामुळेच तेल आणि पाणी त्याच्या सोबतीने एकत्र नांदतात. दोन्ही घरचे हे दोन पाहुणे एकमेकांना भेटले तर गळ्यात गळे घालतील असं वाटेल. घडतं उलटंच. लेसिथिनच्या लगद्यावर ॲसिटोन ओतला की त्यातलं तेल ॲसिटोनमध्ये जातं आणि लेसिथिन विरघळायला साफ नकार देऊन खाली बसतं. लेसिथिनच्या डोक्यावर धन आणि ऋण असे दोन्ही पूर्ण भार आहेत. ॲसिटोन त्यांची नीट बडदास्त ठेवू शकत नाही. म्हणून लेसिथिन एकमेकांना धरून राहतं आणि त्याला बाहेरच्याची गरज उरत नाही. या भांडणावर सबंध उद्योगाची मोजणी उभी आहे. लेसिथिनची प्रत ठरवताना ॲसिटोनमध्ये न विरघळणारा भाग किती टक्के, हा आकडा पहिल्यांदा विचारतात. मध्यस्थाची लायकी दुसऱ्या मध्यस्थाने नाकारल्यावर ठरते.

इतका मवाळ दिसणारा हा प्राणी एका काळी लढाईसाठी हवा होता, आणि तोही टनांनी. ब्रिटिश तोफांत भरायचा कॉर्डाइट हा धूर न करणारा दारूगोळा गनकॉटन म्हणजे भरपूर नायट्रेट केलेला कापूस, नायट्रोग्लिसरीन आणि थोडं व्हॅसलीन यांपासून बनायचा. गनकॉटनचे तंतू मऊ करून नायट्रोग्लिसरीनशी एकजीव करायला द्रावक लागायचा, आणि तो ॲसिटोन. मळलेल्या लगद्याच्या दोऱ्या ओढल्या की ॲसिटोन वाळून निघून जायचा, पण त्याशिवाय दोरी होत नसे. पहिल्या महायुद्धाआधी तो लाकूड कोरडं तापवून मिळणाऱ्या पदार्थांपासून येई आणि बराचसा ब्रिटनबाहेरून. युद्ध पेटल्यावर तुटवडा पडला. मँचेस्टरला शिकवणाऱ्या खाइम वाइझमन यांनी स्टार्च खाऊन ॲसिटोन तयार करणारा जिवाणू कामाला लावला. मका पुरेना म्हणून १९१७ साली इंग्लंडमधल्या शाळकरी पोरांकडून हॉर्स चेस्टनटची फळं गोळा करून घेतली गेली. कशासाठी, हे त्या पोरांना सांगितलं नव्हतं. फळांतून फारसं काही साधलं नाही. पण वाइझमन पुढे इस्राएलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच युद्धाच्या धामधुमीत हिंदुस्थान सरकारने नाशिकलाही ॲसिटोनचा कारखाना उभारला होता.

दुसरीकडे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी ॲसिटोनशिवाय भागवायचीही सोय केली, आणि ती सोय विद्राव्यतेचा उत्तम धडा आहे. ईथर आणि अल्कोहोलचं मिश्रण गनकॉटनला विरघळवू शकत नाही. मात्र कापसावरचे नायट्रेट थोडे कमी केले, तर तोच कापूस त्या मिश्रणात उतरतो, कारण शिल्लक राहिलेल्या हायड्रॉक्सिल गटांशी अल्कोहोलचं जमतं. मग त्यांनी कमी नायट्रेटचा कापूस वापरणारा नवा कॉर्डाइट काढला. द्रावक मिळत नाही म्हणून द्राव्यच बदलून टाकलं.

युद्ध संपलं आणि हाच नायट्रेट केलेला कापूस, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, बायकांच्या नखांवर आलं. नेलपॉलिशचा चकचकीत थर मुख्यतः त्याचाच. कमी नायट्रेटचा असला तरी भाऊबंद तोच, आणि म्हणूनच नेलपॉलिश काढायला ॲसिटोनच उत्तम. ब्युटी पार्लरमध्ये जेल लावलेल्या नखांवर कापूस भिजवून वर्खाच्या कागदात गुंडाळतात, तेव्हा त्या कापसात हाच असतो. 'ॲसिटोन-फ्री' असं मिरवणाऱ्या बाटल्यांत बहुधा एथिल ॲसिटेट असतं. तो थोडा सावकाश काम करतो, कातडी थोडी कमी कोरडी करतो, एवढंच. बाटलीवरच्या त्या दोन शब्दांत ॲसिटोनची जेवढी बदनामी आहे तेवढी त्याची चूक नाही.

गॅस कटिंगच्या दुकानाबाहेर उभा असलेला मरून रंगाचा सिलिंडर पाहिलाय? दुकानदार त्याला डीए म्हणतो, म्हणजे डिझॉल्व्ह्ड ॲसिटिलीन, विरघळवलेला ॲसिटिलीन. नुसता ॲसिटिलीन वायू दाबून भरला तर तो स्वतःच स्फोट करतो; त्याला हवाही लागत नाही. त्या सिलिंडरमध्ये म्हणून सच्छिद्र पदार्थ ठासलेला असतो आणि त्याच्या छिद्रांत ॲसिटोन मुरवलेला असतो. एक लिटर ॲसिटोन साध्या दाबाला सुमारे २५ लिटर ॲसिटिलीन पोटात घेतो, दाब बारा पट केला की ३०० च्या घरात. यातही तीच खूण. कार्बनवरच्या हायड्रोजनला सहसा कोणी विचारत नाही असं वर म्हटलं, पण ॲसिटिलीन अपवाद आहे. त्याचा हायड्रोजन जरासा आम्लधर्मी असतो, आणि ॲसिटोनचा ऑक्सिजन तो स्वीकारायला तयारच असतो. स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांनी या सिलिंडरांच्या आणि सूर्यप्रकाशानुसार दिवा आपोआप विझवणाऱ्या-पेटवणाऱ्या झडपेच्या जोरावर ओसाड समुद्रातली दीपगृहं माणसाशिवाय चालवून दाखवली. १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या स्फोटात त्यांचे डोळे गेले होते आणि पुरस्कार घ्यायला त्यांचा भाऊ गेला. मरून सिलिंडर आडवा ठेवायचा नसतो, तेही याच ॲसिटोनमुळे. आडवा झाला की तो वायूबरोबर नळीत येतो.

त्याचं सगळ्यात फसवं नातं क्लोरोफॉर्मशी. तीन क्लोरीनांनी ओढून धरलेला क्लोरोफॉर्मचा एकुलता हायड्रोजन, आणि ॲसिटोनचा घ्यायला बसलेला ऑक्सिजन. दोघं मिसळताच मिश्रण कोमट होतं. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतो, क्लोरोफॉर्म ६१ ला, पण योग्य प्रमाणात एकत्र आले की दोघं मिळून ६४ अंशांपर्यंत उकळायला नकार देतात. बारावीच्या पुस्तकात राउल्टच्या नियमापासून ऋण विचलनाचं उदाहरण म्हणून ही जोडी असतेच. पुस्तक तिथे थांबतं. थोडासा अल्कली त्यात पडला, तर मात्र ही सलगी हिंसक होते: दोघे अभिक्रिया करतात, उष्णता साचते आणि बंद बाटली फुटते. म्हणून टाकाऊ द्रावकांच्या बाटल्यांत ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्म एकत्र ओतू नयेत, हे लॅबमध्ये रुजू होणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगावं. कामाच्या घाईत नेमकं हेच राहून जातं.

आजचा ॲसिटोन बहुतांशी जुळं भावंड म्हणून जन्माला येतो. क्युमीन या रसायनापासून फिनॉल करायला गेलं की एक टन फिनॉलमागे सुमारे ६०० किलो ॲसिटोन आपोआप हाती पडतो. आपल्याकडे हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सचा कोचीजवळचा कारखाना हेच करतो. बाजार फिनॉलच्या मागणीने चालतो. ॲसिटोन किती हवा होता, हे त्याला कोणी विचारलेलं नसतं. सरकारी कागदपत्रांतही त्याचं नाव आहे. अमली पदार्थांविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९८८ च्या करारात ज्या रसायनांवर लक्ष ठेवायचं त्यांच्या यादीत तो टोल्यून आणि ईथर यांच्या जोडीला आहे, कारण कोकेन शुद्ध करणाऱ्यांनाही झटकन विरघळवणारा आणि झटकन उडणारा कोणीतरी हवा असतो. माणसाच्या शरीरालाही तो परका नाही. लांबलेल्या उपासात किंवा मधुमेह फार बिघडला की शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून थोडा ॲसिटोन रक्तात येतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. पिकल्या फळासारखा तो वास जुन्याजाणत्या डॉक्टरांना खाटेपाशी येताच ओळखू येतो.

पण त्याचं सर्वांत विलक्षण काम मृत शरीरावर होतं. जर्मनीतल्या हायडेलबर्गला गुंथर फॉन हागेन्स यांनी १९७७ मध्ये प्लास्टिनेशनची पद्धत काढली. कल्पना अशी: शरीरातलं पाणी काढून तिथे सिलिकॉनचं रबर भरायचं, म्हणजे अवयव कुजणार नाही आणि हातात धरून पाहता येईल. पाणी आणि सिलिकॉन मात्र एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. फॉर्मॅलिनमध्ये टिकवलेला अवयव म्हणून थंडगार ॲसिटोनमध्ये बुडवतात, शून्याखाली २५ अंशांना. थंडी अशासाठी की अवयव आकसू नये. पेशीपेशीतून पाणी बाहेर येतं आणि ॲसिटोन आत जातो. मग ॲसिटोन साध्या तपमानावर येऊ देतात. आता तो चरबी ओढून नेतो. एकाच द्रवाने आधी पाणी नेलं, मग तेल. आता त्या दोन्हींच्या जागी अवयवात ॲसिटोन आहे. तो अवयव सिलिकॉनच्या हौदात ठेवून पंपाने हवा खेचली की कमी दाबाला ॲसिटोन उकळून बुडबुड्यांनी बाहेर पडतो आणि रिकाम्या झालेल्या जागेत सिलिकॉन शोषलं जातं. बुडबुडे यायचे थांबले म्हणजे काम झालं असं धरतात. अवयव बाहेर काढून वायूने सिलिकॉन घट्ट करतात. आधीच्या हौदांतला पाणी आणि चरबी ओढून घेतलेला ॲसिटोन ऊर्ध्वपातन करून, त्यात पाणी किती राहिलं ते मोजून, पुढच्या अवयवासाठी भरून ठेवतात.